दुसऱ्या बाईच्या मापाचं कपाट

आमचे दाजी सुतार. म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्या एका खोडीपायी माझ्या ताईचं घर गेलं. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला दाजींचा पुळका आलाच तर त्याने तो स्वतःपुरता ठेवावा. मला ऐकवायला येऊ नये. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असते, दिवसभर लोकांचे पुळके ऐकते, घरी आल्यावर माझ्यात तेवढा जीव राहत नाही.

खोड अशी की एकदा लाकूड कापलं की ते काम पुरं करायचंच. गिऱ्हाईक पळून जावो, पैसे बुडवो, तोंडावर नाही म्हणो. फळी अख्खी आहे तोवर आपली, कापली की ज्याचं माप त्याची, असा त्यांचा हिशेब. एका माणसाने लेकीच्या लग्नासाठी पलंग सांगितला आणि लग्न मोडलं. त्याने निरोप धाडला, पलंग नको. दाजींनी तो केला, पॉलिश केला, हातगाडीवर घालून त्याच्या दारात नेऊन उभा केला. लग्न मोडलेल्या घरात पलंग घेऊन जाणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? त्या बापाने जे काही ऐकवलं ते दाजींनी कधी घरी सांगितलं नाही. पलंग तेवढा परत आला आणि ताईच्या बाहेरच्या खोलीत कायमचा ठाण मांडून बसला. ताईला मूलबाळ नाही. मी तिला म्हणायचे, लोक घरात लेकरं वाढवतात, तू लोकांचं फर्निचर वाढव. ती हसायची. तेव्हा ती हसायची.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे माप. दाजी स्वयंपाकघराचं काम घेताना आधी भिंत मोजायचेच नाहीत. घरातल्या बाईला भिंतीशी उभी करायचे आणि म्हणायचे, हात वर करा. टाचा उचलायच्या नाहीत. तिची बोटं जिथे पोचतील तिथे पेन्सिलीची रेघ, आणि त्या रेघेच्या खाली सगळ्यात वरची फळी. कपाट भिंतीचं नसतं, हात घालणाऱ्या बाईचं असतं, असं त्यांचं म्हणणं. मला म्हणायचे, "मेहुणीबाई, तुमचं कपाट करायचं तर फरशी खणावी लागेल." आम्ही दोघी बहिणी चणीने बुटक्या. मीही सोडायची नाही. म्हणायचे, तुमची जीभ तरी मापात करून घ्या कोणाकडून.

दाजींचं काम खालच्या शेडमध्ये चालायचं आणि घर चौथ्या मजल्यावर. इमारत जुनी, लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि मध्ये वळणावर अंधार. जन्मभर उकिडवं बसून रंधा मारला, गुडघे कामातून गेले. मग एकदा खांद्यावर फळी घेऊन उतरताना घसरले आणि कंबर दुखावली. डॉक्टर म्हणाले, हृदय पाहता ऑपरेशनचं नाव काढू नका, आणि जिन्याचंही. आधी रोज एकदा उतरायचे, मग आठवड्यातून एकदा, मग कोणाच्या तरी आधाराने, मग नाहीच. खिडकीशी बसून खाली बघत राहायचे. खालून कोणी हाक मारली तर हात करायचे. शेड सोडून द्यावी लागली. हत्यारं वर आणली आणि त्या पलंगाखाली ठेवली.

माणूस घरात कोंडला की आधी त्याचं बोलणं जातं, मग जेवण. ताई ते बघत होती. एक दिवस ती दुकानात आली. गिऱ्हाइकं होती तरी काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाली, "मी घर विकणार. ह्यांना खाली आणणार." बस्स, एवढंच. तिच्या आयुष्यात तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही, आणि हेही स्वतःसाठी नव्हतंच म्हणा.

खालची जागाही तिने हेरून ठेवली होती. दोन गल्ल्या सोडून एका म्हाताऱ्याचं लेथचं, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्राचं दुकान होतं. आम्ही त्यांना लेथकाका म्हणायचो. पुढे शटरची खोली, मागे दोन खोल्या, मोरी, पायरी एकच आणि तीही वीतभर. लेथकाकांना धंदा बंद करून मुलाकडे जायचं होतं. ताई म्हणाली, पुढे ह्यांचं काम, मागे आमचा संसार, शटर उघडलं की रस्ता. चौथ्या मजल्याचे पैसे आले की खालची जागा होत होती, वर थोडं उरतही होतं. लेथकाका भले माणूस. म्हणाले, "तुमचं घर जाऊ द्या, तोवर मी थांबतो."

आणि मग आले चष्मेवाले.

त्यांचं चौकात चष्म्यांचं दुकान होतं. गोड बोलणारा माणूस, इतका गोड की ऐकून माझ्या दाढा ठणकायच्या. त्यांची बायको मात्र साधी होती, उंच, शिडशिडीत, आवाज खाली. ती वाईट असती तर आमचं भलं झालं असतं. घर बघताना ती स्वयंपाकघरात बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली की सगळीकडची कपाटं कशी कमरेत वाकायला लावतात. झालं. दाजी खुर्चीवरून उठले. गुडघ्यांवर हात रेटून, भिंतीला धरून, पण उठले. म्हणाले, "हात वर करा. टाचा उचलू नका."

मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. किती महिन्यांनी त्यांच्या हातात पेन्सिल पाहिली. ताईलाही बरं वाटलं. ओट्याच्या वर भिंतीत एक मोठा कोनाडा होता, तिथे ताईची डबे-बरण्यांची उतरंड असायची. दाजी म्हणाले, तुम्ही राहायला याल तेव्हा इथे कपाट तयार असेल, लाकडाचे तेवढे द्या, बाकी आमच्याकडून.

करार वकिलाकडे बसून झाला. चष्मेवाल्यांनी इसाराची रक्कम दिली, म्हणजे सौदा पक्का केल्याची. उरलेले पैसे अमुक तारखेला द्यायचे, न दिले तर करार रद्द, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. ताईने तिथेच सही केली, दाजींची सही कागद वर आणून घेतली. तिकडे लेथकाकांनाही इसार देऊन कागद झाला. दाजींनी लाकूड मागवलं आणि बाहेरच्या खोलीत, पलंगाला टेकून, बसल्या बसल्या कापायला घेतलं.

तारीख आली आणि गेली. चष्मेवाले म्हणाले, बँकेचं अडलंय. मग म्हणाले, दुसरं दुकान काढतोय, थोडा हात आखडलाय. ताईने वाढवून दिली तारीख, लेखी दिली, आता शेवटची म्हणून बजावून दिली. तीही गेली. फोन केला की त्यांच्या बाई उचलायच्या आणि म्हणायच्या, हे बाहेर गेलेत. तिकडे लेथकाकांचा जीव टांगणीला. मुलगा रोज फोनवर ओरडत होता. ते बिचारे तोंड पाडून ताईकडे यायचे आणि चार मजले चढून आल्याबद्दल स्वतःच माफी मागायचे.

मग ताईने कंबर कसली. दुसरं गिऱ्हाईक शोधलं, एक शाळेतले मास्तर, रोख पैसे घेऊन उभे. वकिलाला सांगून चष्मेवाल्यांना नोटीस धाडली, तारखा टळल्या, करार रद्द, हा तुमचा इसार परत. सोबत चेक. लेथकाका म्हणाले, महिनाअखेरपर्यंत थांबतो, त्यापुढे मला जमायचं नाही. मास्तर तोवर पैसे देणार होते. सगळं गाडं रुळावर आलं होतं. मी ताईला पेढे आणून खाऊ घालणार होते, ती म्हणाली, आधी ह्यांना खाली बसलेलं बघू, मग तोंड गोड करू.

आणि दाजी काय करत होते? कपाट.

नोटीस गेली त्या दिवशी मी ताईकडे होते. ताईने त्यांना सगळं समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. सौदा मोडला, ती माणसं आता आपली कोणी नाहीत, मास्तर येणार आहेत, हे लाकूड गुंडाळून ठेवा. दाजींनी ऐकून घेतलं. मान डोलावली. आणि म्हणाले, "पण फळ्या कापून झाल्यात."

"मग राहू देत कापलेल्या."

"त्यांच्या हाताच्या मापाच्या आहेत गं. दुसऱ्या कोणाला चालायच्या नाहीत."

ताई म्हणाली, "मग जाळते मी त्या." जाळल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तिला कुठून सुचणार? नवरा किती महिन्यांनी दोन घास जास्त जेवत होता. ती बडबडली आणि गप्प बसली. मीही गप्प बसले. आम्हाला वाटलं, करतोय म्हातारा टाइमपास, आपलं काय जातंय.

काय जातंय ते पुढे कळलं. शेजारच्या नदीवर पूल मंजूर झाला. भाव एका रात्रीत चढले, आणि चष्मेवाल्यांना आमचं घर एकदम लख्ख दिसायला लागलं. त्यांनी चेक वटवलाच नव्हता. त्यांनी कोर्टात दावा लावला की करार मोडलेलाच नाही, आम्ही पैसे द्यायला तयार आहोत, घर आम्हालाच मिळालं पाहिजे आणि ठरल्या भावात मिळालं पाहिजे. कोर्टाने मनाई दिली. निकाल लागेपर्यंत हे घर कोणाला विकायचं नाही, कोणाला द्यायचं नाही, जैसे थे. मास्तर त्याच संध्याकाळी फोनवर म्हणाले, "भानगडीची जागा मला नको." त्यांना तरी काय दोष द्यायचा.

लेथकाकांनी महिनाअखेरच्या पुढेही थोडे दिवस काढले. मग एक दिवस आले, ताईने दिलेला इसार पाकिटात घालून आणला होता, पै न पै. कागद ताईच्या समोर फाडला. म्हणाले, "बाई, मला कोर्टाचं तोंड बघायचं नाही. माझी जागा मी दुसऱ्याला दिली." करारात लिहिलं होतं, आम्ही पैसे दिले नाहीत तर इसार बुडाला. त्यांनी तो बुडवला नाही. ताई त्यांना खालपर्यंत सोडायला गेली. वर आली तेव्हा तिने नळ सोडला आणि कितीतरी वेळ भांडी घासत राहिली. भांडी आधीच घासलेली होती.

खटल्याचं काय सांगू? भिजत घोंगडं. तारखेला जायचं, बाकावर बसायचं, आपलं नाव पुकारायची वाट बघायची, पुढची तारीख घ्यायची, घरी यायचं. कधी त्यांचा वकील आजारी, कधी आमचा. कधी साहेबांची बदली. ताई एकटीच जायची, दाजींना कुठून नेणार? मी दुकानातून सुट्टी मिळाली की जायचे. बाकाच्या दुसऱ्या टोकाला चष्मेवाले बसलेले असायचे आणि आम्हाला बघून नमस्कार करायचे. मी कधी केला नाही. ताई करायची. मी म्हटलं, तुला लाज कशी वाटत नाही. ती म्हणाली, "मला वाटून काय होणार, त्यांना वाटू दे."

आमचा वकील म्हणायचा, काळजी नको, तारखा लेखी आहेत, दोन्ही टळल्यात, नोटीस दिलीय, चेक दिलाय. आपली बाजू भक्कम. फक्त साक्ष एकदा नीट झाली की झालं. आणि मग एका तारखेला त्यांच्या वकिलाने एक फोटो दाखल केला.

फोटो आमच्या स्वयंपाकघरातला. ओट्यावरच्या कोनाड्यात नवं कपाट. शेजारी चष्मेवाल्यांची बायको, हात वरच्या फळीवर टेकलेला, टाचा जमिनीला. दुसऱ्या बाजूला आमचे दाजी, भिंतीला धरून उभे, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मला तो फोटो फाडावासा वाटला. खाली तारीख. नोटीस गेल्यानंतरची, चांगली आठ-पंधरा दिवसांनंतरची.

झालं असं होतं. ताई बाजारात गेली होती. दाजींना वरची फळी कायमची बसवायच्या आधी एकदा हात लावून बघायला हवा होता. त्यांनी सरळ फोन लावला आणि बाईंना बोलावून घेतलं. ज्यांच्याशी सौदा मोडला, ज्यांना वकिलाची नोटीस गेली, त्यांना. आणि बाई आल्या. मला आजही वाटतं, त्या कपट मनात धरून आल्या नव्हत्या. म्हाताऱ्याने बोलावलं, नाही म्हणवेना, आल्या. कपाट आवडलं म्हणून आठवणीला फोटो काढला. घरी जाऊन नवऱ्याला दाखवला असेल. नवऱ्याला त्यात कपाट दिसलं नाही, खटला दिसला.

ताईने दाजींना विचारलं, "का बोलावलंत?"

"माप बघायला."

"नोटीस दिली होती ना आपण?"

"नोटीस घराची होती. मी त्यांना घर देत नव्हतो. बसवलेलं नाही ते, नुसतं टेकवलंय, उचलून नेता येतं. म्हटलं जिथे राहतील तिथे नेतील."

आता या माणसाला काय बोलणार? डोकं भिंतीवर आपटावं, तर भिंतीलाही त्यांचंच कपाट.

वकिलाने मग साक्षीची तयारी करून घेतली. तो घरी आला, चार मजले चढून घामाघूम झाला, पाणी प्याला आणि दाजींच्या समोर बसला. "काका, प्रश्न सोपा येईल. कपाट कोणासाठी केलं? तुम्ही म्हणायचं, घरासाठी. घर विकायचं होतं, कपाट असलेल्या घराला गिऱ्हाईक चांगलं मिळतं. त्या बाई आपणहून बघायला आल्या. एवढंच बोलायचं. यात खोटं फारसं नाहीच." दाजींनी मान डोलावली. वकिलाने तीनदा वदवून घेतलं. तिन्ही वेळा दाजी बरोबर म्हणाले. ताई दारात उभी होती. ती म्हणाली, "माझ्यासाठी एवढं कराल ना?" दाजी म्हणाले, "करतो की."

साक्षीच्या दिवशी दोन हमाल सांगितले होते. दाजींना लाकडी खुर्चीत बसवलं, पट्ट्याने बांधलं आणि जिना उतरवला. वळणावर खुर्ची अडली, भिंतीचा पोपडा निघाला. रिक्षात बसल्यावर ते पोरासारखे इकडे तिकडे बघत होते. इथे दुकान होतं ते कुठे गेलं, हा रस्ता कधी झाला, विचारत होते. मला त्यांची दया आली. त्या दिवशी शेवटची आली.

त्यांचा वकील उठला. आवाज चढवला नाही, काही नाही. उलट अदबीने बोलला.

"काका, फोटोतलं कपाट तुम्ही केलंत?"

"हो."

"छान आहे. कोणासाठी केलं?"

"घरासाठी." दाजींनी ताईकडे बघितलं. ताईने डोळे मिटले.

"घरासाठी. बरं. कपाटाची रुंदी कशाची घेतलीत?"

"ओट्यावरच्या कोनाड्याची."

"आणि उंची?"

दाजी स्वतःच्या हाताकडे बघत बसले. न्यायाधीशबाई म्हणाल्या, उत्तर द्या.

"उंची हाताची असते," दाजी म्हणाले.

"कोणाच्या? तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं?"

"बायको."

"मग तुमच्या बायकोचा हात त्या वरच्या फळीला पोचतो का?"

आता इथे हो म्हणायचं होतं. एक शब्द. कोण येणार होतं घरी मोजायला? ताई तिथेच बसली होती, सगळ्यांसमोर, पण बसलेल्या बाईची उंची कोणाला कळते? ती काही त्या क्षणी उठून उभी राहणार नव्हती. मी मनात म्हणत होते, म्हणा हो, म्हणा एकदा, जन्मात एकदा खोटं माप सांगा.

"नाही," दाजी म्हणाले. "तिचा नाही पोचणार. तिच्या मापाचं नाहीच ते. त्या बाईंच्या मापाचं आहे."

"म्हणजे रुंदी तुमच्या भिंतीची, आणि उंची आमच्या अशिलाच्या बायकोच्या हाताची."

"हो."

"आणि नोटीस पाठवल्यानंतर हे काम तुम्ही चालू ठेवलंत, पुरं केलंत आणि त्यांना बोलावून दाखवलंत."

"लाकूड कापलं होतं," दाजी म्हणाले.

वकील म्हणाला, बस्स, मला आणखी काही विचारायचं नाही. आमच्या वकिलाने कागद गोळा केले. त्याने फेरतपासणीत काहीतरी विचारायचा प्रयत्न केला, कपाट टेकवलंय, बसवलेलं नाही, वगैरे. दाजींनी तेही उत्साहाने सांगितलं. कोणी ऐकत नव्हतं. त्यांना वाटलं, आपण चांगली साक्ष दिली. घरी जाताना रिक्षात ते ताईला म्हणाले, "खोटं कशाला बोलायचं? लाकूड समोर असतं, कोणी मापलं तर?"

ताई त्यानंतर त्यांच्याशी बोललीच नाही असं नाही. औषध घ्या, अंघोळीचं पाणी काढलंय, डॉक्टर यायची वेळ झाली, एवढं बोलायची. नवरा-बायकोत बोलायला आणखी काय लागतं असं कोणी विचारलं तर त्याने लग्न करून बघावं. मी केलं नाही, पण एवढं मलाही कळतं.

निकाल लागला तो अपेक्षेप्रमाणेच. न्यायाधीशबाईंनी लिहिलं की विकणाऱ्यांनी नोटिशीत करार रद्द म्हटला खरा, पण वागण्यात तो जिवंत ठेवला. खरेदीदाराच्या कुटुंबाच्या सोयीचं बांधकाम त्याच घरात पुरं केलं, त्यांना बोलावून पसंती घेतली. ज्याचा करार खरंच मोडलाय त्याच्यासाठी कोणी असं करत नाही. न्यायाधीशबाईंना काय माहीत, असं करणारा एक माणूस आहे आणि तो नेमका आमच्याच नशिबात होता. चष्मेवाल्यांनी उरलेले पैसे कोर्टात भरायचे, आम्ही खरेदीखत करून घर रिकामं करून द्यायचं. भाव जुनाच. पूल झाला होता, गाड्या धावत होत्या, आजूबाजूला दुप्पट-तिप्पट झालं होतं, आणि आमचं घर गेलं जुन्या भावात. त्यातून वकिलाचे गेले ते वेगळेच.

वकील म्हणाला, अपील करता येईल. आणखी काही वर्षं जातील. ताईने विचारलं, "तोवर हे वरच?" तो म्हणाला, "तसंच म्हणायचं." ताई म्हणाली, "मग नको."

त्या दिवशी तिने दाजींना पहिल्यांदा आणि शेवटचं ऐकवलं. मी तिथेच होते, मोरीत कपडे पिळत होते. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तुम्ही खरं बोललात त्याचं मला काही वाटत नाही. पण मीही तुम्हाला एक काम सांगितलं होतं. जन्मात एकच. तिचं लाकूड कापलं होतं म्हणून तिचं काम पुरं केलंत. माझ्यासाठी काय कापायला हवं होतं, ते तरी सांगायचं."

दाजी खिडकीबाहेर बघत राहिले.

जागा शोधायला मी आणि ताई वणवण फिरलो. जुन्या भावाच्या पैशात खालची जागा म्हणजे स्वप्न. खाली सगळी दुकानं झाली होती. लेथकाकांच्या जागेत आता मोबाइलचं दुकान आहे, काचेचं दार, आत गार हवा. शेवटी एका गल्लीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या, त्याही भाड्याने. लिफ्ट नाही. चौथ्यावरून तिसऱ्यावर आलो, असं मी म्हटलं, म्हणजे प्रगती आहे. कोणी हसलं नाही, मीसुद्धा नाही.

सामान हलवायच्या दिवशी तेच दोन हमाल आले. पलंग भंगारवाल्याला दिला. किल्ली न्यायला चष्मेवाले स्वतः आले नाहीत, दुकानातला माणूस पाठवला. दाजींना पुन्हा खुर्चीत बांधलं, पुन्हा जिना, पुन्हा वळण. रिक्षाने नव्या इमारतीच्या दारात आणलं. हमाल म्हणाले, जरा दम घेतो, आणि त्यांनी खुर्ची जिन्याच्या तोंडाशी फरशीवर ठेवली. दाजी बसून राहिले. पायाखाली जमीन, समोर रस्ता, मागे जिना. हेच तर तिला हवं होतं, एवढंच.

ताई म्हणाली, "बसा तुम्ही. मी वर जाऊन दार उघडते." दोन्ही हातांत पिशव्या होत्या. एक तिने खांद्याला अडकवली, म्हणजे हात कठड्याला मोकळा राहील. मग ती चढायला लागली. एक पाय वर, मग दुसरा पाय त्याच पायरीवर. थांबायचं. कठड्याला धरून स्वतःला ओढायचं. मग पुन्हा एक पाय. चौथ्या-पाचव्या पायरीला तिने पिशवी खाली ठेवली, गुडघा दाबून धरला आणि मग पिशवी उचलली. तिने मागे वळून बघितलं नाही. वळणापर्यंत जायला तिला इतका वेळ लागला की हमालांनीही बोलणं थांबवलं.

दाजी मान उंच करून बघत होते. जिन्यावरून तिचा आवाज येत होता, पाय घासल्याचा आणि श्वासाचा.

चौथ्या मजल्याच्या त्या जुन्या घरी ती शेवटच्या जिन्यावर थांबायची. श्वास खाली बसेपर्यंत, चेहरा पुसून होईपर्यंत, आणि मग बेल वाजवायची. दूध, भाजी, औषधं, पाणी नसेल तेव्हा पाण्याचे हंडे, आणि कोर्टाची प्रत्येक तारीख. दाजींना यातलं काही सांगायची तिने मला बंदी केली होती.

"ही अशी कधीपासून चढते?" दाजींनी मला विचारलं.

"बरीच वर्षं झाली, दाजी," मी म्हटलं. "तुम्ही वर असायचात."